बसल्या नजरेची उंची

खालापूर
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

दिवाळीत फोन केला तेव्हा तू पुन्हा पुन्हा "कोण बोलतंय?" विचारत राहिलीस आणि शेवटी शेजारच्या नम्रताने फोन घेऊन माझा निरोप तुझ्या कानात ओरडून सांगितला. कानाचं यंत्र तुला नको आहे, हेही तिच्याकडूनच कळलं. तेव्हा आता पत्रच बरं. त्या निमित्ताने तुझं अक्षर बघायला मिळेल.

बातमी अशी, की आम्ही ठाणं सोडलं. मला रसायनीच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली आणि इथे खालापुरात तळमजल्यावर भाड्याचं घर मिळालं. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. घरात उजेड भरपूर आहे, फक्त भिंती फार उघड्या वाटतात.

मी नेटवरून चित्रं घेतली आहेत. म्हणजे कागदावरची नव्हेत. आपल्याला नुसती फाइल मिळते आणि हव्या त्या मापात छापून घ्यायची असते. पानं, फांद्या, रेघा अशी करड्या रंगातली नऊ चित्रं आहेत. काकांचं फ्रेमचं दुकान त्यांच्या बरोबरीने तू सांभाळलंस, म्हणून तुला विचारते. भिंत बारा फूट रुंद आहे. नऊही चित्रं ए-फोर मापात छापून तीन-तीनच्या ओळींत लावावीत असं मनात आहे. मधली ओळ जमिनीपासून साडेतीन फुटांवर यायला हवी. फ्रेम काळी घेऊ की लाकडी? आणि काचेची मला जरा धास्ती वाटते. काचेशिवाय चालेल का?

अनुपम कामात आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी
ऋजुता


दहिवली, कर्जत
१७ नोव्हेंबर २०२४

ऋजुता,

पोस्टमनने पत्र हातात दिलं आणि म्हणाला, "आजी, पत्र हाय तुमचं. बिल नाय." त्यालाही नवल वाटलं असावं.

घर बदललंस आणि आत्ता सांगतेस. बरं, ते असो. आधी तुझ्या भिंतीचं बघू.

बारा फुटांच्या भिंतीवर नऊ ए-फोर लावलीस तर लांबून शाळेचा नोटीस बोर्ड दिसेल. दुकानात गिऱ्हाइकं हीच चूक करायची. चित्र हातात धरून बघायची, हातात ते मोठं वाटायचं, आणि घरी नेऊन टांगलं की भिंत त्याला गिळून टाकायची. म्हणून आधी जुनी वर्तमानपत्रं घे. ज्या मापाचं चित्र हवं त्या मापाचा कागद काप, चिकटपट्टीने भिंतीवर लाव आणि एक-दोन दिवस तसाच राहू दे. येता-जाता नजर कुठे थांबते, कुठे अडखळते ते बघ. मग माप ठरव. माझं मत विचारशील तर एकच मोठं आडवं चित्र घे, वीस बाय तीस इंचांचं. भोवती तीन बोटं पांढरी कड सोड, म्हणजे चित्राला श्वास घ्यायला जागा राहते. फ्रेम लाकडी. काळी फ्रेम भिंतीला चौकट मारल्यासारखी दिसते.

आता उंची. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेला येतो, म्हणजे पाच फुटांच्या आतबाहेर. साडेतीन फुटांवर कोण चित्र लावतं? तुझं ते वाक्य मी बरेचदा वाचलं. तळमजला घेतलास. चित्रं खाली हवीत. काचेची धास्ती वाटते. ऋजुता, मला वेडी म्हण, पण घरात कुणी लहान येणार असेल तर मावशीला आधी कळव. तसं असेल तर ती करडी पानं राहू देत, हत्ती-मोर छापून घे. आणि मी गुडघ्यांना न विचारता येईन.

मावशी


खालापूर
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं आणि घडी घालून ठेवलं. आज पुन्हा काढून उत्तर लिहिते आहे.

नाही, कुणी लहान येणार नाही. चित्रं बाबांसाठी आहेत. अनुपमच्या बाबांना जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. जीभ जड झाली आहे, पण बोललेलं समजतं आणि लक्षात राहतं. मी कामाला जाते तेव्हा त्यांच्याजवळ आवडीताई असतात, इथल्याच आहेत. पाठीशी उशा लावून बाबांना पलंगावर बसवलं की त्यांची नजर साडेतीन फुटांवर येते. मी टेप लावून मोजलं.

पलंगाच्या उजव्या हाताला खिडकी आहे आणि डाव्या हाताला ही लांब भिंत. बाबा दिवसभर खिडकीकडे बघत असतात. खिडकीतून दिसतं काय, तर कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी. ज्या माणसाने आयुष्यभर नकाशे काढले, त्याने दिवसभर टाकी बघायची हे मला बघवत नाही. म्हणून म्हटलं, दुसऱ्या बाजूला काहीतरी बघण्यासारखं असू दे.

काचेची धास्ती एवढ्यासाठी, की त्यांना उठवताना-बसवताना कुणाचा धक्का लागला तर तुकडे पलंगावर पडतील.

अनुपम सध्या हैदराबादला आहे.

ऋजुता


कर्जत
२ डिसेंबर २०२४

ऋजुता,

गोपाळकृष्णरावांचं वाचून वाईट वाटलं. तुझ्या लग्नात या माणसाने पंगतीत स्वतः वाढलं होतं आणि सगळ्यात शेवटी जेवायला बसले होते. जूनपासून तू हे एकटी उरकते आहेस आणि मला दिवाळीत नुसत्या शुभेच्छा दिल्यास.

काच अजिबात लावू नकोस. समोर खिडकी आहे, काचेत तीच खिडकी दिसेल आणि त्यांना दोन्हीकडे टाकीच बघावी लागेल. चकचकीत कागदही नको. मॅट कागदावर छापून घे, बोर्डवर चिकटवून घे आणि नुसती लाकडी फ्रेम लाव. मागे दोन कड्या असू देत, एका खिळ्यावर चित्र कलतं.

ती करडी पानं आजारी माणसासमोर लावू नकोस. दिवसभर बघायचं चित्र असं हवं की त्यात शिरून हिंडता आलं पाहिजे. कुठेतरी पाणी, कुठेतरी झाड, मध्ये बसायला जागा. आणि त्यांना विचारलंस का, कुठलं हवं? भिंत त्यांची आहे.

अनुपम हैदराबादला किती दिवस आहे? बाप असा पडलेला असताना असं कुठलं काम असतं?

मावशी


खालापूर
२८ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. वर्तमानपत्राचे कागद भिंतीवर लावले तेव्हा आवडीताई म्हणाल्या, "ताई, रंग काढायचा हाय का घराला?" एकच मोठा आडवा कागद खरंच बरा दिसला. बाबांना विचारलं, कुठलं चित्र आवडेल? ते म्हणाले, "तुला आवडेल ते."

मी खाडीचं घेतलं. उजवीकडे माडांत लपलेलं कौलारू घर, मध्ये संथ पाणी, आणि डावीकडे काठाला बांधलेली होडी. खोपोलीत छापून घेतलं, मॅट कागदावर. फ्रेम सागवानी रंगाची. चित्राचा मध्य साडेतीन फुटांवर. फार सुंदर दिसतं, मावशी. मी पलंगाच्या कडेला बसून बघत राहिले.

बाबा बघत नाहीत. एकदाही बघितलं नाही. मी भिंतीच्या बाजूने जाऊन विचारलं, "बाबा, चित्र कसं वाटलं?" त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाले, "कुठलं?"

हल्ली बरेचदा असंच होतं. मी बोलायला लागले की ते पाठ फिरवतात. जेवतानाही ताटात अर्धं तसंच ठेवतात. त्यांचा राग कशावरचा आहे ते मला माहीत आहे. तो राग त्यांनी कुणावर काढावा, एवढाच प्रश्न आहे.

तुला आता खरं लिहायला हवं. अनुपम हैदराबादला कामासाठी गेलेला नाही. तो तिथे राहतो, दुसऱ्या कुणाबरोबर. गेल्या वर्षीपासून. घटस्फोटाचा अर्ज दोघांनी मिळून केला आहे. मी ठाण्याचं घर आवरत असताना बाबांना झटका आला. अनुपम आला, दवाखान्यात राहिला, सगळं केलं. मग म्हणाला की पनवेलला आजारी माणसांना सांभाळणारं एक चांगलं केंद्र आहे, बाबांना तिथे ठेवू. मी म्हटलं, मी त्यांना घेऊन जाते. त्याने अडवलं नाही, आणि बाबा माझ्याबरोबर आले.

तुझ्यापासून लपवलं असं नाही. तुला सांगितलं की ते खरं होऊन बसेल असं वाटायचं.

ऋजुता


कर्जत
६ जानेवारी २०२५

ऋजुता,

तुझी आई असती तर तिने काय केलं असतं, याचा विचार करून मग लिहिते आहे. तिने तुला जवळ घेतलं असतं. मी लांब आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

गोपाळकृष्णराव चांगले आहेत हे मी नाकारत नाही. पण आता ते तुझे कोण? अर्जावर शिक्का बसला की कागदोपत्री कुणीही नाहीत. त्यांना मुलगा आहे, धडधाकट आहे. त्याने संसार मोडून दुसरा मांडायचा आणि त्याच्या बापाचं अंथरूण तू सावरायचं, हे मला पटत नाही. तू अजून पस्तिशीत आहेस. उद्या तुला कुणी भेटलं तर त्याला काय सांगशील, आतल्या खोलीत कोण आहे म्हणून?

आणि त्यांना ते चित्र नको आहे, तू नको आहेस, असं तूच लिहितेस. मग कुणासाठी करते आहेस? त्यांना त्यांच्या मुलाकडे पाठव.

कडू लिहिलं. पण दुसरं कोण लिहील?

मावशी


खालापूर
१४ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी माझं मूल पोटात गेलं. तुला माहीत आहे. अनुपम तेव्हा दौऱ्यावर होता आणि मी खोलीचं दार लावून घेतलं होतं. बाबा रोज दुपारी मुगाची खिचडी करायचे, दारावर एकदाच टकटक करायचे, ताटली बाहेर ठेवायचे आणि निघून जायचे. "जेव," असं एकदाही म्हणाले नाहीत. "काय झालं?" असं विचारलं नाही. ताटली परत नेताना त्यात किती उरलंय हेही मला जाणवू दिलं नाही. मी दार उघडलं त्या दिवशी ते बाहेर पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "आज मीठ जास्त पडलंय, सांभाळून घे."

ते माझे कोण, याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. ते माझ्यावर रागावले असतील तर रागावू देत.

ऋजुता


कर्जत
३ फेब्रुवारी २०२५

ऋजुता,

न कळवता तुझ्याकडे आले, चार दिवस राहिले, आणि तू नको म्हणत असताना स्वयंपाकघरात घुसले. निघताना बसस्टँडवर तू काही विचारलंस ते मला ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली. काय विचारलंस ते पुढच्या पत्रात लिही.

तू कामाला गेल्यावर काय घडलं ते मी तुला तुकड्यातुकड्यांत सांगितलं. पण त्यातली एक गोष्ट राहिली, म्हणून हे पत्र.

पहिल्या दिवशी मी भिंतीच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मी मनात म्हटलं, ऋजुता म्हणते ते खरं आहे, माणूस तुसडा झालाय. मग आवडीने ताट आणलं. उजवीकडे आमटी-भात, डावीकडे भाजी आणि पोळी. त्यांनी आमटी-भात मन लावून खाल्ला, वाटी पुसून घेतली आणि म्हणाले, "आज भाजी नाही?" आवडी मला म्हणाली, "रोज असंच करतात बाबा. भाजी आवडत नाय त्यांना. तरी इचारतात." ती ताट उचलायला लागली, तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे, मी तिच्या हातातून ते घेतलं आणि फिरवून परत त्यांच्यापुढे ठेवलं. भाजी उजवीकडे आली. त्यांनी ती अशी बघितली, जशी कुणी आत्ता आणून वाढली. आणि सगळी खाल्ली.

मग मी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "प्रमोदिनीताई, कधी आलात?" मी सकाळपासून तिथेच बसले होते.

तुझं चित्र भिंतीवरून काढलं आणि खिडकीच्या कठड्यावर उभं केलं. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "घर छान आहे. कौलं नीट शाकारली आहेत." होडीबद्दल बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

तू आलीस तेव्हा हे सगळं मी तुला सांगितलं आणि तू तिथेच जमिनीवर बसलीस. रागावलेले नव्हते गं ते. तू त्यांच्या जगाच्या बाहेर उभी राहून बोलत होतीस.

आता राहिलेली गोष्ट. मला ऐकू येत नाही आणि त्यांना नीट बोलता येत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. ते एकेक शब्द सावकाश बोलायचे आणि मी त्यांच्या ओठांकडे बघायचे. शेवटच्या दिवशी म्हणाले, "ताई, हिला सांगा. मला पनवेलला ठेव. हिचं आयुष्य आहे." मला कळलं नाही असं वाटून त्यांनी ते परत सांगितलं. आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्या उजव्या हाताची मूठ चादरीवर आवळलेली होती.

मी तुला सहा जानेवारीला जे लिहिलं, तेच ते म्हणाले. शब्द थोडे निराळे. आणि त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ते पटलं नाही.

त्यांचा निरोप पोचवला. काय करायचं ते तू ठरव. डॉक्टरांना दाखव मात्र लगेच.

मावशी


खालापूर
९ मार्च २०२५

प्रिय मावशी,

बसस्टँडवर मी विचारलं होतं, "पुन्हा कधी येशील?" तू मान हलवलीस, ती होकाराची धरली आहे.

मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून आलो. ते म्हणाले, डोळे ठीक आहेत, पण झटक्यानंतर मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. आणि आपल्याला त्या बाजूचं काही दिसत नाही हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. डावीकडून आवाज आला तरी तो उजवीकडेच शोधतो. म्हणजे मी बोलायचे तेव्हा बाबा पाठ फिरवत नव्हते. मला खिडकीत शोधत होते.

सुधारणा होऊ शकते, पण तिची घाई करायची नाही. पलंगाच्या पायाशी असलेल्या भिंतीवर मी पडद्यासाठी असते तशी पट्टी ठोकून घेतली आहे. चित्र तिच्या सरकत्या कड्यांना टांगलंय. उंची तीच, बसल्या नजरेची. आधी पार उजव्या टोकाला ठेवलं, आणि मग अधूनमधून वीतभर डावीकडे सरकवत गेले. आवडीताई रोज बाबांना विचारतात, "काय काय दिसतं, सांगा." बाबा शाळेतल्या मुलासारखे सांगतात. माड, घर, पाणी. परवा त्यांनी पाण्याच्या कडेला बोट रोखलं. मग म्हणाले, "इथे होडी पण आहे. कुणी नवीन काढली?" आवडीताई हसत सुटल्या. मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

पनवेलचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. पण अनुपमने काढला. मागच्या रविवारी तो आला.

केंद्रातल्या लोकांशी बोलून, सगळं ठरवून आला होता. दारातून आला आणि भिंतीच्या बाजूला, तू पहिल्या दिवशी बसली होतीस त्याच जागी, खुर्ची ओढून बसला. "बाबा," म्हणाला. बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तो परत म्हणाला, "बाबा, मी आलोय." बाबा खिडकीत बघत राहिले, मान ताणून, कपाळाला आठ्या घालून.

मी दारात उभी होते. अनुपमचा चेहरा मला दिसत होता. तो कधी रडत नाही, तेव्हाही रडला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत बसला. मग मला म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. माझं तोंड त्यांना बघायचं नाही." आणि उठला. पिशवी उचलली.

मावशी, मी गप्प राहिले असते तर तो निघून गेला असता. परत आलाही नसता कदाचित. वर्षभर मला वाटत होतं की याने काय केलंय ते याला कुणीतरी सुनवावं, माझ्या तोंडून नको, दुसऱ्या कुणाच्या तरी. ते माझ्यासमोर घडत होतं आणि मला त्यासाठी काहीच करायचं नव्हतं. तो दारापर्यंत आला. मी वाट दिली.

मग बाबा खिडकीकडे बघून म्हणाले, "अनुपम? कुठे आहेस?"

मी म्हटलं, "इकडून जा. खिडकीच्या बाजूने. त्या बाजूचं त्यांना दिसत नाही."

त्याला कळलं नाही. मी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि पुन्हा सांगितलं. तो पलंगाला वळसा घालून गेला. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बारीक झालास." तो पलंगाच्या कडेवर बसला, बाबांचा उजवा हात धरला, आणि तेव्हा मात्र रडला. मी चहा टाकायला गेले.

चहा घेताना मी त्याला डॉक्टरांचं सांगितलं आणि मग त्याने केंद्राचं बोलून दाखवलं. बाबा माझ्याकडे बघत होते, मी अर्थातच उजवीकडे बसले होते. मी म्हटलं, "बाबा, मावशीने तुमचा निरोप दिला. माझं आयुष्य आहे हे खरं आहे. तुम्ही इथे राहून ते अडत नाही. ज्या दिवशी अडेल त्या दिवशी मी तुम्हाला सांगेन, तुमच्यापासून लपवणार नाही." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "चहात साखर जास्त झालीय." आणि कप रिकामा केला.

अनुपमशी माझं वेगळं काही बोलणं झालं नाही. कोर्टाची तारीख एप्रिलमध्ये आहे, ती तशीच राहील. तो महिन्यातून दोनदा येईल असं म्हणाला. येतो की नाही ते बघायचं.

निघताना पायात बूट घालत त्याने विचारलं, "डॉक्टर म्हणतात तसं करायचं असेल, तर पुढच्या वेळी मी कुठे बसू?"

मी म्हटलं, "आधी खिडकीपाशीच बस. त्यांना तू दिसलास की मग खुर्ची थोडी थोडी भिंतीकडे सरकव."

तुझी
ऋजुता